आधी कागद, मग भांडण

अगं, आज रात्री नवऱ्याला काहीही विचारू नकोस. कधीपासून, कोण, का, हे सगळे प्रश्न तुझ्या जिभेवर येऊन बसलेत, मला ठाऊक आहे. विचार, जरूर विचार, पण आठ-पंधरा दिवसांनी. त्याचं बाहेरचं प्रकरण तोवर कुठे पळून जात नाही. तू विचारलंस की घरातले कागद मात्र पळायला लागतात. लॉकरची किल्ली नेहमीच्या जागी नसते, एफडीच्या पावत्या 'ऑफिसात ठेवल्यात' असं उत्तर येतं, फोनला नवा पासवर्ड बसतो आणि सासूबाई अचानक तुझ्याशी फार गोड बोलायला लागतात. म्हणून बघ, आधी कागद, मग भांडण.

खरं सांगू का, वेगळं व्हायचं की नाही हे तुझं तुलाच अजून कळलेलं नाही. सकाळी वाटतं, आत्ता बॅग भरावी. दुपारी पोराचा डबा घासताना वाटतं, जाऊ दे, एकदा पोटात घालावं. रात्री पुन्हा डोकं फिरतं. याला दुबळेपणा म्हणत नाहीत गं. इतक्या वर्षांचा संसार एका मेसेजने निकालात निघत नाही. पण निर्णय होत नाही म्हणून तयारीही करायची नाही, ही गल्लत तेवढी करू नकोस. पाऊस कधी येणार हे माहीत नसलं तरी मे महिन्यात आपण कौलं शाकारून घेतोच ना? तसंच आहे हे. उद्या तुमचं जुळलं, तो ताळ्यावर आला, तरी यातलं काहीही फुकट जाणार नाही. स्वतःच्या नावाचं खातं, स्वतःच्या कपाटातले स्वतःचे कागद आणि घरात पैसा किती येतो-जातो याची माहिती, हे बाईकडे एरवीसुद्धा असायलाच हवं.

एक अपवाद आत्ताच सांगून टाकते. त्याचा हात उठत असेल, तो जिवाची धमकी देत असेल, तर माझं हे आठ-पंधरा दिवसांचं शहाणपण बाजूला ठेव. मुलांना घे आणि नीघ. ११२ ला फोन केला की पोलीस, १८१ ला महिला हेल्पलाइन. कागद मागाहून आणता येतात.

तसं काही नसेल तर मात्र रागाच्या भरात घर सोडायचं नाही. 'चालती हो माझ्या घरातून' हे वाक्य ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आपण खरंच चालायला लागतो. का गं? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, ज्या घरात तू त्याच्याबरोबर संसार केलास त्या घरात राहायचा हक्क तुला दिलाय. घर त्याच्या नावावर असो, भाड्याचं असो, तुझं नाव त्यावर नसलं तरी. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. हिंसाचार म्हणजे नुसती मारहाण नव्हे. मानसिक छळ, घरखर्च बंद करणं, तुझे दागिने परस्पर विकणं हेही त्या कायद्यात बसतं. पण नीट समजून घे, हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. कोर्ट कधी त्याच घरात ठेवतं, कधी तशीच दुसरी जागा बघून द्यायला किंवा तिचं भाडं भरायला त्याला सांगतं. आणि समजा तू वैतागून माहेरी गेलीसच, तर हक्क बुडाला असं नाही. फक्त तुझं सोनं, कागद, मुलांची दप्तरं आत राहतात आणि तू बाहेर. मग एकेका वस्तूसाठी अर्ज करत बसावं लागतं.

आता कागद. दुपारी घरात कोणी नसताना हे काम कर. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, लग्नपत्रिका, दोघांचे आधार आणि पॅन, मुलांचे जन्मदाखले आणि पासपोर्ट, तुझी स्वतःची गुणपत्रकं, मेडिक्लेम आणि विम्याच्या पॉलिसी, बँकेची पासबुकं, कर्जाचे कागद. फ्लॅट असेल तर करारनामा, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. गावाकडे जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ. ते ऑनलाइन मिळतात, कुणाला विचारायलाही लागत नाही. त्याची पगारपत्रकं, फॉर्म १६, आयकराचं विवरणपत्र घरात फाइलला लावलेलं असेल तर त्याचेही फोटो काढ. तुझे स्वतःचे मूळ कागद वेगळे करून आईकडे किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेव. त्याचे मूळ कागद मात्र हलवू नकोस, फोटो पुरेत. आणि झेरॉक्स काढायचीच असेल तर घरापासून लांब जा बाई. मी असले कागद आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दिले होते. संध्याकाळी भाजीवाली माझ्याकडे कणवेने बघून फुकट कोथिंबीर द्यायला लागली, तेव्हा उलगडा झाला.

लग्नाची नोंदणीच केली नसेल तर घाबरू नकोस. लग्नपत्रिका, फोटो, हजर असलेली माणसं, रेशनकार्डावरचं नाव, यांवरून लग्न सिद्ध करता येतं.

मग फोन. तुझं सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे बघ. आपल्याकडे कित्येक बायकांचं सिम नवऱ्याच्या आधारवर घेतलेलं असतं. म्हणजे तुझ्या बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो, तो नंबर कायद्याने त्याचा! तो उद्या बंद करू शकतो. तुझ्या नावाचं नवं सिम घे आणि एक नवा ईमेल उघड, ज्याचा पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाची तारीख नसेल. जुन्या फोनवर व्हॉट्सॲपची 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून तुझे मेसेज दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर दिसत नाहीत ना ते तपास. लोकेशन शेअरिंग आणि दोघांचं सामाईक फोटो खातंही बघून घे. वकिलाला पाठवलेला कागद त्याच्या लॅपटॉपवर उघडायला नको.

पैशाचं सांगते, नीट ऐक. एकटीच्या नावाचं खातं उघड, शक्यतो तुमचं जोडखातं आहे त्यापेक्षा वेगळ्या बँकेत. नोकरी करत असशील तर पगार तिकडे वळव. करत नसशील तर भिशीचे, शिवणाचे, आईने दिलेले, जे असतील ते पैसे तिथे ठेव. जोडखात्यावर 'दोघांपैकी कोणीही' अशी सोय असेल तर तो एका दिवसात सगळे पैसे काढू शकतो, हे खरं. पण म्हणून तू आधी जाऊन खातं रिकामं करू नकोस. कोर्टात तेच कागद पहिले दाखवले जातात आणि फसवणारा बाजूला राहून तूच लबाड ठरतेस. त्या खात्याचं तीन वर्षांचं स्टेटमेंट काढून ठेव. हॉटेलांची बिलं, अनोळखी नावाने दर महिन्याला जाणारी रक्कम, तुला कधीच न मिळालेल्या दागिन्याचं बिल, सगळं त्यात उमटलेलं असतं.

कर्जाचं तर आधी बघ. घराच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून तू सही केली आहेस का? केली असशील तर घटस्फोट झाला तरी बँक तुला सोडत नाही. हप्ता त्याने थकवला की सिबिल तुझाही खराब होतो. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो, तो मागव. 'इथे सही कर गं' म्हणून कुठे कुठे सह्या घेतल्यात हे त्यात दिसेल. तुझ्या एफडी, पीपीएफ, विम्यावर नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लावलंय तेही बघ. घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत तोच तुझा नवरा असतो, आणि मृत्युपत्र नसेल तर मुलांबरोबर वारसही तोच. साधं मृत्युपत्र करायला साधा कागद आणि दोन साक्षीदार लागतात, स्टँपपेपरही लागत नाही. मेडिक्लेम त्याच्या ऑफिसचा असेल तर स्वतःची पॉलिसी आत्ताच काढ; जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते थांबणं लवकर सुरू झालेलं बरं.

आणि हो, एक वही कर. कोणी विचारलं तर हिशेबाची म्हण, खोटं नाहीच ते. वाणी, दूध, गॅस, शाळेची फी, रिक्षाकाका, क्लास, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं रोज लिही. पुढे पोटगी मागताना 'खर्च बराच होतो' याला काही किंमत नसते, आकडा लागतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमच घालून दिला, की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च प्रतिज्ञापत्रावर द्यायचा. ती वही म्हणजे तुझं अर्धं प्रतिज्ञापत्र. त्याच निकालात हेही सांगितलंय की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते. म्हणजे वेगळं राहायला लागल्यावर 'बघू, देईल तो' म्हणत महिने घालवलेस, तर ते महिने बुडाले. तू कमावतेस म्हणून पोटगी मिळणारच नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. तुझी कमाई धरली जाते, पण तेवढ्यावरून दार बंद होत नाही.

सोन्याची पाळी. माहेरचं, सासरचं, मावशीने घातलेलं, लग्नात आणि नंतर तुला म्हणून जे जे मिळालं ते तुझं स्त्रीधन आहे. त्यावर मालकी फक्त तुझी. नवऱ्याने अडचणीत वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याची. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. यादी कर: पाटल्या, तोडे, गोठ, मोहनमाळ, प्रत्येकाचं अंदाजे वजन, कोणी दिलं, आत्ता कुठे आहे. सराफाच्या पावत्या सापडल्या तर उत्तम. नसतील तर लग्नाचा अल्बम काढ. एरवी बोजड वाटणारा तो अल्बम इथे कामाला येतो, कारण कोणत्या दिवशी गळ्यात काय होतं हे त्यात स्पष्ट दिसतं. दागिने तुझ्या स्वतःच्या लॉकरमध्ये हलव. सासूबाईंची वडिलोपार्जित ठुशी मात्र जिथल्या तिथे ठेव, कितीही मनात आलं तरी!

आता त्याच्या मेसेजच्या तुझ्या त्या स्क्रीनशॉटबद्दल. तुला वाटतंय, हे पोलिसांत नेऊन दिलं की त्याला आत टाकतील. नाही गं. व्यभिचार हा गुन्हा होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला. आणि गंमत बघ, तो गुन्हा होता तेव्हाही बायकोला नवऱ्याविरुद्ध तक्रार करताच येत नव्हती. तक्रार करायचा हक्क होता तो दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला. म्हणजे तुझं काही गेलेलं नाही. त्याने तुझ्याशी लग्न टिकून असताना दुसरं लग्न केलं असेल, तर मात्र तो आजही गुन्हा आहे आणि ते लग्न मुळात रद्दबातलच.

घटस्फोटासाठी मात्र व्यभिचार हे कारण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आहे आणि एकदाच घडलं असलं तरी चालतं. प्रत्यक्ष बघितलेला साक्षीदार लागत नाही, परिस्थितीवरून सिद्ध करता येतं. पण ते सोपं नाही आणि सुखाचं तर मुळीच नाही. उलटतपासणीत तुलाही घोळसतात. म्हणून पुष्कळ वकील क्रूरतेचं कारणही जोडतात, किंवा परस्परसंमतीचा रस्ता सुचवतात. पुरावा तरीही जपायचा. त्या कागदांचा उपयोग निकालापेक्षा आधी, तडजोडीच्या टेबलावर जास्त होतो. समोरच्याला कळतं की हिच्याकडे काहीतरी आहे.

पण पुरावा गोळा करताना हद्द पाळ. तुझ्या समोर आलेलं, घरात पडलेलं, तुझ्या-त्याच्या बोलण्यातलं, इतकंच. नवरा-बायकोचं एकमेकांशी झालेलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं असलं तरी ते अशा दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. पण त्याच्या फोनमध्ये चोरून ॲप टाकणं, पासवर्ड फोडणं, त्या दुसऱ्या बाईच्या खात्यात शिरणं, यातून तुझ्यावरच तक्रार होऊ शकते. ज्या फोनवर फोटो किंवा रेकॉर्डिंग आहे तो फोन जपून ठेव, फॉरमॅट करू नकोस, भंगारवाल्याला देऊ नकोस. कोर्टात अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोनही मागितला जाऊ शकतो. शिवाय तारीखवार टिपण ठेव: काय कळलं, कधी कळलं, त्यानंतर काय झालं. कारण कळल्यावरही तू सगळं माफ करून पूर्वीसारखा संसार केलास, तर पुढे त्याचा वकील म्हणू शकतो की हिने क्षमा केली होती, आणि त्या कारणावरचा घटस्फोट अडू शकतो. आठ-पंधरा दिवस गप्प राहणं म्हणजे क्षमा नव्हे. पण एक संधी द्यायची ठरवलीस तर तीही वकिलाला विचारून दे.

एक अवघड गोष्ट बोलते, तोंड फिरवू नकोस. डॉक्टरकडे जा. त्याचे बाहेर संबंध आहेत म्हणजे तुझ्या तब्येतीचा प्रश्न आला. स्त्रीरोगतज्ज्ञाला स्पष्ट सांग, लैंगिक आजारांच्या तपासण्या करायच्यात. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. पहिली तपासणी ठीक आली तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा कर, कारण लागण झाल्यावर लगेच ती दिसत नाही. लाज वाटायची असेल तर त्याला वाटू दे.

वकिलाकडे जायची तयारीही घरूनच करून जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाईंच्या स्वभावाचं इतकं रंगवून वर्णन केलं, की वेळ संपत आली तेव्हा वकीलबाईंनी हळूच विचारलं, 'लग्न कोणत्या साली झालं?' आणि ते मला आठवेना! तू एका पानावर लिहून ने: लग्नाची तारीख, मुलांची वयं, दोघांचं उत्पन्न, घर कोणाच्या नावावर, कर्ज किती, तुला काय हवंय. फी कशी घेणार, प्रत्येक तारखेला की एकरकमी, हे पहिल्याच भेटीत विचार. 'सहा महिन्यांत मोकळी करतो' किंवा 'त्याला रस्त्यावर आणतो' असं म्हणणारा भेटला तर नमस्कार करून परत ये. दोन-तीन वकिलांना भेटलीस तर कोणी तुला चंचल म्हणणार नाही.

फी परवडत नाही हे कारण तर सांगूच नकोस. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा आहे. त्यात बाईला मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न किती हे बघितलंच जात नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी अशा दाव्यांत बायकांना १९९४ पासून कोर्ट फीही माफ आहे. आणि दावा तू आत्ता जिथे राहतेस तिथल्या कोर्टात लावता येतो; माहेर नाशिकला असेल आणि तू तिथे राहत असशील, तर मुंबईला खेपा घालायची सक्ती नाही.

परस्परसंमतीने वेगळं व्हायचं ठरलं तर वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच छपराखाली असूनही नवरा-बायकोसारखं राहत नसाल, तर तेही वेगळं राहणंच धरता येतं. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं. योग्य कारण असेल तर कोर्ट ते माफ करू शकतं, २०१७ पासून तसं होतंय. पण बघ, हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून ठरलेले पैसे 'नंतर देतो' यावर सोडू नकोस. किती, कधी, कोणत्या टप्प्यावर, हे संमतीपत्रात लिहून घे आणि शेवटचा डिमांड ड्राफ्ट शेवटच्या सहीच्या आधी हातात असू दे. तुझी पोटगी तू सोडलीस तर तो तुझा प्रश्न. मुलांच्या वाट्याचं सोडून देऊ नकोस, ते तुझं नाहीच मुळी.

आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपपेपरवर, 'नुसतं आपल्या-आपल्यात' म्हणून कुठेही सही करायची नाही. स्टँपपेपरवर फारकत लिहून नोटरीचा शिक्का मारला की घटस्फोट झाला, असं अजूनही गावोगाव समजतात. तसं होत नाही. ज्या समाजात रूढीने फारकत चालत आली आहे आणि ती रूढी सिद्ध करता येते, तेवढे सोडले तर कोर्टाचा हुकूमनामाच लागतो.

'निम्मी इस्टेट माझी' असं तुला मैत्रिणीने सांगितलं असेल. ते सिनेमात. महाराष्ट्रात नवऱ्याच्या नावावरच्या मालमत्तेत बायकोचा आपोआप निम्मा वाटा नसतो. पोटगी, राहण्याचा हक्क, स्त्रीधन आणि तुझ्या नावावर जे आहे ते, असा हिशेब असतो. गोव्यात वेगळं आहे. तिथल्या नागरी संहितेखाली लग्न झालं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. आणि हे घटस्फोटाचं आणि दुसऱ्या लग्नाचं जे मी सांगतेय ते हिंदू विवाह कायद्याचं. तुमचं लग्न रजिस्टर पद्धतीने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल, किंवा तुम्ही मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी असाल, तर कलमं बदलतात. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि मोफत वकील मात्र सगळ्यांना सारखे.

मुलांचं सगळ्यात शेवटी बोलतेय, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय हे मला माहीत आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे ठेवतात. त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत त्यांचं हित कशात हे कोर्ट बघतं, मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी बोलतातही. तू कमावत नाहीस म्हणून मुलं जातील, ही भीती मनातून काढ. खर्चाची जबाबदारी बापावर टाकता येते. शाळेच्या सभांना कोण जातं, दवाखान्यात कोण नेतं, अभ्यास कोण घेतं, याच्या नोंदी आपोआप तयार होत असतात, त्या सांभाळ. आणि मुलांसमोर त्यांच्या बापाबद्दल बोलू नकोस. तो नवरा म्हणून नालायक निघाला, बाप म्हणून कसा आहे ते मुलांचं त्यांना ठरवू दे. त्यांना एवढंच सांग की यात तुमची काही चूक नाही, शाळा, मित्र आणि आजीकडची सुट्टी जागेवर आहे.

त्याच्या ऑफिसात जाऊन तमाशा करायची फार इच्छा होईल. नको. त्याची नोकरी गेली तर मुलांची फी कुठून येणार? त्या बाईला फोन करून शिव्या घालायच्या नाहीत, स्टेटसवर टोमणे टाकायचे नाहीत. त्याचे स्क्रीनशॉट त्याचाही वकील काढतो. सांगायचं असेल तर दोघा-तिघांनाच सांग, ऐकून घेतील पण वाटेल ते सल्ले देणार नाहीत अशांना. माहेरी आई म्हणेल, 'पुरुषाची जात, जरा दमाने घे'. तिच्याशी वाद घालत बसू नकोस, तिला भीती वाटतेय तुझ्यासाठी. घर तोडायला निघाली म्हणून कोणी तुला नाव ठेवेल, तेव्हा लक्षात ठेव, भिंतीला भगदाड तू पाडलेलं नाहीस.

एवढं सगळं ऐकून घाबरलीस ना? एकदम करायचं नाहीये गं. लग्नकार्याच्या याद्या, मुलांच्या ॲडमिशन, सासऱ्यांचं ऑपरेशन, हे सगळं एकहाती निभावलेली बाई आहेस तू. ही यादी त्यापेक्षा लांब नाही. या आठवड्यात तीनच कामं कर: तुझ्या नावाचं सिम आणि खातं, कागदांचे फोटो, आणि वकिलाची वेळ. बाकीचं पुढच्या आठवड्यात बघू. मधल्या काळात दोन वेळा नीट जेव, उपाशीपोटी कोणताही निर्णय चांगला होत नाही. वकिलाची वेळ ठरली की मला कळव. मी बरोबर येईन, बाकावर शेजारी बसेन, पण प्रश्न तूच विचारायचेस.